निळ्या शाईतली नावं

आमच्या जेवणाच्या टेबलावर सध्या जेवायला जागा नाही. एका बाजूला अकरा ट्रे, दुसऱ्या बाजूला जुनी नोंदवही, मधे भिंग, कॅलिपर आणि वाटीत दात घासायचे झिजलेले ब्रश. यजमान ताट घेऊन टीव्हीसमोर बसतात. तक्रार करायचं त्यांनी सोडून दिलंय. परवा नातीनं विचारलं, "आजी, तू शिंपले मोजतेस का?" म्हटलं, "नाही गं, त्यांची नावं शोधतेय. पुरात गेली."

तर ती कशी गेली, ते सांगते.

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ज्यांनी २००५ चा पूर पाहिला होता त्यांनी त्या खुणेच्या वर सामान चढवून ठेवलं, आणि पाणी त्या खुणेच्याही वर आलं. मी शिकवत होते त्या कॉलेजची प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा तळमजल्यावर. कुलूप उघडलं तेव्हा गाळात पाय घोट्यापर्यंत रुतला, आणि फॉर्मॅलिन आणि कुजका चिखल यांचा मिळून जो वास आला तो अजून नाकात आहे. संग्रहालयाची तीन सागवानी कपाटं फुगून दारं न उघडण्याइतकी घट्ट बसली होती. परिचर मामांनी पहारीनं उचकटली.

शिंपल्यांना पाण्यानं काय होणार? त्यांचा जन्मच पाण्यातला. गेली ती लेबलं. एकूण १८६ ट्रे. त्यातल्या ७४ लेबलांवरचं अक्षर जसंच्या तसं, जणू काल लिहिलंय. ती आमच्या आधीच्या सरांची, पेन्सिलीनं लिहिलेली. उरलेल्या ११२ वर फिकट निळा डाग, बस्स. ती माझी. शाईच्या पेनानं, वळणदार अक्षरात, मी स्वतः लिहिलेली. पंचवीस वर्षं मुलांना सांगत आले, लेबल पेन्सिलीनं लिहा नाहीतर न विरघळणाऱ्या काळ्या शाईनं. आणि स्वतःच्या वेळी मला अक्षर चांगलं दिसायला हवं होतं.

पुढच्या मे महिन्यात, ऐन लॉकडाऊनमध्ये, निवृत्त झाले. परवानगी घेऊन ट्रे घरी आणले. वाटलं होतं, वरच्या खणातली दाखल नोंदवही पुरातून वाचलीय, तीत सगळी नावं आहेत, शिंपले जुळवायचे, लेबलं लिहायची, चार महिन्यांचं काम. पहिल्याच आठवड्यात कळलं की नोंदवहीतलं नाव आणि आजचं नाव यांचा पुष्कळदा एकमेकांशी काही संबंध राहिलेला नाही.

शब्दांचं एक आधी सांगून टाकते. आमच्या पाठ्यपुस्तकात प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. आता वर्तमानपत्रं स्पीशीजला प्रजाती म्हणतात. नावांचा घोळ सांगायला बसले आणि पहिला घोळ मराठीतच. मी इथं जीनसला वंश आणि स्पीशीजला जाती म्हणणार आहे. शास्त्रीय नावातला पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा.

सुरुवात कालवापासून करते. सरांचं पेन्सिलीतलं लेबल: ऑस्ट्रिया मद्रासेन्सिस, भाट्ये खाडी, जानेवारी १९७४. नोंदवहीत नंतर मी सुधारलेलं: क्रासोस्ट्रिया मद्रासेन्सिस. सुधारणा तेव्हा बरोबरच होती. आता जगभराचे मृदुकाय प्राण्यांचे अभ्यासक मिळून जी यादी चालवतात, मोलस्काबेस, तिच्यात शोधलं तर नाव निघालं मॅगालाना बायलिनिआटा. वंशही नवा, जातही नवी. शिंपला तोच, रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीतला, एका कडेला खडकाचा तुकडा अजून चिकटलेला.

जात का बदलली, त्याची गोष्ट मजेची आहे. मद्रासेन्सिस हे नाव १९१६ सालचं, प्रेस्टन नावाच्या लंडनमधल्या शंख-शिंपल्यांच्या व्यापाऱ्यानं दिलेलं. पण त्याच्या ११८ वर्षं आधी, १७९८ साली, जर्मनीत हॅम्बुर्गला बोल्टेन नावाच्या एका मेलेल्या डॉक्टरचा शिंपल्यांचा संग्रह लिलावासाठी काढला होता. लिलावाची यादी रोडिंग यांनी केली. यादीच ती, वर्णन नाही. नाव लिहायचं आणि आधीच्या कुठल्या तरी पुस्तकातल्या चित्राचा क्रमांक द्यायचा. ही यादी इतकी दुर्मीळ झाली की जवळजवळ शंभर वर्षं कोणी तिची दखलच घेतली नाही. मग १९०६ साली तिची पुनर्मुद्रित प्रत निघाली आणि शास्त्रज्ञांना घाम फुटला, कारण नियमाप्रमाणे आधी छापलेलं नाव खरं. लिलावात बोली लावायला आलेल्या गिऱ्हाइकांसाठी केलेल्या यादीतली कित्येक नावं आज उष्ण समुद्रातल्या शिंपल्यांची अधिकृत नावं आहेत. त्यातलंच एक बायलिनिआटा, म्हणजे दोन रेषांची. भारतातलं मद्रासेन्सिस आणि फिलिपिन्समधलं इरेडालेई ही दोन्ही कालवं तीच, असं ठरल्यावर सगळ्यात जुनं नाव पुढं आलं.

वंशाचं भांडण वेगळं. आशियातली, म्हणजे पॅसिफिक आणि हिंदी महासागराकडची कालवं डीएनएवरून अमेरिकेकडच्या क्रासोस्ट्रियांपासून वेगळी पडतात, म्हणून त्यांच्यासाठी इटलीतल्या अभ्यासकांनी मॅगालाना हा नवा वंश काढला. २०१७ साली कालवांवर काम करणाऱ्या बऱ्याच जणांनी मिळून विरोधाचा लेख छापला: शेती, व्यापार, रोगांचे अहवाल, सगळं जुन्या नावावर चाललंय, एवढी उलथापालथ कशासाठी? आपल्याकडचे कित्येक अहवाल अजूनही क्रासोस्ट्रियाच लिहितात. मला विचाराल तर मी विरोधकांच्या बाजूनं नाही. डीएनए दोन घरं दाखवत असेल तर दोन आडनावं हवीत. पण ज्या बाईनं आयुष्यभर एक नाव लिहिलंय, तिचा हात अडखळतो, हेही खरं.

नियम थोडक्यात सांगते. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा जमाखर्च स्वीडनच्या लिनिअसनं लिहिलेल्या 'सिस्टिमा नॅचुरी' या ग्रंथाच्या १७५८ सालच्या दहाव्या आवृत्तीपासून सुरू होतो. त्यापूर्वीचं काही धरत नाहीत. दोन नावं निघाली तर आधीचं घ्यायचं. जात एका वंशातून दुसऱ्यात गेली की पहिल्या नावकर्त्याचं नाव कंसात जातं. हे सगळं मला सातबाऱ्यासारखं वाटतं. मूळ मालक कोण, फेरफार कधी पडला, कोणत्या सालच्या नोंदीनं. आणि कूळकायदासुद्धा आहे बरं का! जुनं नाव १८९९ नंतर कोणीच वैध म्हणून वापरलेलं नसेल, आणि नवं नाव गेल्या ५० वर्षांत निदान १० लेखकांनी मिळून निदान २५ ठिकाणी वापरलं असेल, तर वहिवाट नव्याची लागते. मद्रासेन्सिसच्या नशिबी ते आलं नाही.

फेरफाराचा मला स्वतःलाही अनुभव आहे. माझ्या एम.एस्सी.च्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं नवं नाव सेवापुस्तकात. पेन्शनची फाईल सात महिने अडली, का तर पदवी घेणारी बाई आणि निवृत्त होणारी बाई एकच, याचा पुरावा नाही. शेवटी शंभराच्या स्टँपवर प्रतिज्ञापत्र केलं: अमुक उर्फ तमुक ही एकच व्यक्ती. नोटरीच्या बाकड्यावर बसले असताना हसू आलं. शास्त्रात याला समानार्थी नावांची यादी म्हणतात आणि ती करायला आयुष्यं जातात. इथं झेरॉक्ससकट साडेतीनशे रुपयांत काम झालं.

आता तिसऱ्या, म्हणजे खाडीच्या वाळूतले खायचे शिंपले.

देशावरच्या लोकांना सगळ्या तिसऱ्याच. सहलीला रत्नागिरीला गेलो की काळबादेवीच्या खाडीत ओहोटीला कमरेत वाकून वाळू उकरणाऱ्या बायका दिसायच्या. एकीला विचारलं, "मावशी, हे काय म्हणायचं?" तिनं टोपलीतले दोन उचलून वेगळे दाखवले: हा गुळगुळीत, हा रेघांचा. नाव दोघांचं एकच सांगितलं, पण भाव वेगळा. पुढं वर्गात एक मालवणकडची मुलगी आली, ती यातल्या एकाला खुबे म्हणायची. आणि अलिबागकडच्या मुलाचे खुबे भलतेच काही तरी निघाले. बंदर बदललं की नाव बदलतं. म्हणून तर लॅटिन नाव शिकायचं, असं मी वर्गात ठासून सांगायची.

आणि लॅटिनचं काय झालं? गुळगुळीत, फुगीर शिंपला नोंदवहीत केटेलिसिया ओपिमा. माझ्या विद्यार्थिदशेत या नावावर महाराष्ट्रात कितीतरी प्रबंध झाले. आज तो मार्सिया ओपिमा, आणि केटेलिसिया हा वंश ऑस्ट्रेलियाकडच्या शिंपल्यांपुरता राहिलाय. रेघांचा शिंपला, ज्याच्या पाठीवर काठाला समांतर कंगोरे बोटाला लागतात, तो नोंदवहीत पाफिया मलबारिका, पुढं कंसात केम्निट्झ. या केम्निट्झ महाशयांनी मला तीन आठवडे झोपू दिलं नाही.

योहान हिरोनिमस केम्निट्झ हे कोपनहेगनमध्ये सैन्याच्या चर्चचे पाद्री. बर्लिनचे डॉक्टर मार्टिनी यांनी सुरू केलेला शंख-शिंपल्यांचा मोठा सचित्र ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर यांनी पुढं चालवला. १७६९ ते १७९५ अशा छापलेल्या त्या अकरा खंडांतली हातानं रंगवलेली चित्रं आता संगणकावर सगळ्यांना पाहायला मिळतात. एकदा बघाच. मी रात्री एक वाजता बघत बसायची. पण पाद्रीबुवांची खोड अशी की नाव देताना दोन शब्दांची शिस्त पाळायची नाही. कधी दोन, कधी चार, कधी आख्खं वाक्य. त्यामुळे प्राण्यांच्या नावांचा निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगानं हा सगळा ग्रंथ नामकरणापुरता बाद ठरवला. चित्र घ्या, नाव घेऊ नका.

मग नाव कुणाचं? गटिंगेनचे प्राध्यापक ग्मेलिन यांनी लिनिअसच्या ग्रंथाची तेरावी आवृत्ती काढली आणि १७९१ साली केम्निट्झच्या चित्रांना रीतसर दोन-दोन शब्दांची नावं लावली. पुस्तकावरून पुस्तक. म्हणून आपल्या भारतीय पुस्तकांत जिथं जिथं कंसात केम्निट्झ दिसतो, तिथं तिथं थांबून पुन्हा तपासावं लागतं. पाफिया मलबारिका तपासलं तर ते आता प्रोटापेस गॅलस, ग्मेलिन, १७९१. गॅलस म्हणजे कोंबडा. मलबारिका या नावातून निदान मलबार तरी कळत होता. आता कोंबडा. केरळच्या अष्टमुडी तलावातल्या याच शिंपल्याच्या मासेमारीला २०१४ साली शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं, आणि त्याच्या कागदांवर नाव आहे पाफिया मलबारिका. उद्या कुणी पोरगं नुसतं कोंबड्याचं नाव शोधेल आणि त्याला वाटेल, या शिंपल्यावर भारतात कुणी कामच केलं नाही.

नावात खोटं गाव असेल तरी ते बदलत नाहीत, हाही नियमच. त्याचं आम्हा सांगलीकरांना नवल वाटायचं कारण नाही. मार्केट यार्डात सौद्याला लागते ती राजापुरी हळद काय राजापूरच्या कातळावर पिकते?

केम्निट्झचा दुसरा बळी म्हणजे मेरेट्रिक्स कास्टा. तोही आता ग्मेलिन. पण या नावाची खरी गंमत वेगळीच. लिनिअसनं या शिंपल्यांना व्हीनस या वंशात घातलं होतं आणि एका जातीला नाव दिलं मेरेट्रिक्स. लॅटिनमध्ये मेरेट्रिक्स म्हणजे वेश्या. ग्मेलिननं व्हीनसमधल्याच दुसऱ्या जातीला नाव दिलं कास्टा, म्हणजे शीलवती. तोवर सगळं ठीक. १७९९ साली फ्रान्सच्या लामार्कनं मेरेट्रिक्स हाच वंश केला आणि पुढं शीलवतीही त्यातच जाऊन पडली. तेव्हापासून ती बाई शीलवती वेश्या. मी एम.एस्सी.च्या वर्गाला हे दरवर्षी सांगायची, मुलं खाली मान घालून हसायची. एकदा एका मुलीनं वर बघून विचारलं, "मॅडम, तिचं नाव बदलून मागायची सोय नाही का?" नाही. नाव शोभत नाही, हे नाव बदलायला कारण होत नाही.

मुलगा पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो म्हणतो, "आई, आयडी तोच ठेवायचा आणि नाव बदललं तर बदललं, त्यात एवढं काय?" त्याला मी मायटेलाची गोष्ट सांगितली. मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडचा एक छोटा काळपट शिंपला जहाजांबरोबर आग्नेय आशियात आला आणि गेल्या काही वर्षांत केरळच्या खाड्यांत इतका माजला की तिथले कोळी त्याला परका शिंपला म्हणायला लागले, वरत्तन कक्का. त्याच्यावरचं बरंचसं जुनं लिखाण मायटेला चारुआना या नावाखाली. पण हॅन्लीचं स्ट्रिगाटा हे नाव १८४३ चं, चारुआनाच्या आधीचं. म्हणून आता मायटेला स्ट्रिगाटा. ज्याला हे माहीत नाही तो दोन वेगळे पाहुणे समजणार किंवा निम्मी माहिती हुकवणार. आपल्या विशाखापट्टणम आणि मुंबई बंदरातल्या मायटिलॉप्सिस या शिंपल्याचं तेच. जुन्या पुस्तकांत तो काँजेरिया. मुलगा म्हणाला, "म्हणजे डुप्लिकेट रेकॉर्ड." हो बाबा, डुप्लिकेट रेकॉर्ड. फक्त डिलीटचं बटण नाही, जुनं नाव कायम यादीत राहतं.

इथपर्यंत मी नावांवर चिडून होते. खरी चूक कुठं होते ते मला पुढं कळलं, आणि तेही माझ्याच हातून.

ह्यू कमिंग नावाचा एक इंग्रज, मूळचा जहाजाची शिडं शिवणारा, त्यानं पॅसिफिकमधून आणि फिलिपिन्समधून शंख-शिंपल्यांचा अफाट साठा जमवला. १८६५ साली तो वारला आणि ब्रिटिश म्युझियमनं संग्रह ६००० पौंडांना विकत घेतला. हजारो जातींची वर्णनं याच शिंपल्यांवरून झालेली. असं सांगतात की तिथल्या प्राणी विभागाचे प्रमुख डॉ. ग्रे यांच्या पत्नी ते उघडे ट्रे अंगणातून पलीकडच्या खोलीत नेत असताना वारा सुटायचा आणि सुटी लेबलं उडायची. मिळतील तशी गोळा करून परत ठेवायची. कुठला शिंपला कुठल्या बेटावरचा, याचे पुढचे कितीतरी वाद त्या अंगणातून निघाले म्हणे. ही गोष्ट मी वर्गात तिखटमीठ लावून सांगायची. बाईंना जरा नावंही ठेवायची.

तर ट्रे क्रमांक ९३. नोंदवहीप्रमाणे: शिणाणे, पेर्ना व्हिरिडिस, मिऱ्या, रत्नागिरी, १९९१. ट्रेमध्ये पाच सुटे अर्धे शिंपले. चार स्पष्ट शिणाणे, हिरवी कड, टोकदार चोच. पाचवा लांबट, तपकिरी-हिरवा, पुढचं टोक फुटलेलं, वरची साल गाळानं घासलेली. आत मोत्यासारखी चमक. मी उजेडात धरला, झिजलाय असं म्हटलं आणि पाचांना मिळून एक लेबल लिहिलं. या वेळी पेन्सिलीनं. कौतुकानं.

२०२१ च्या दिवाळीनंतर प्रयोगशाळेचे परिचर मामा उरलेले चार ट्रे घेऊन मोटारसायकलवरून घरी आले. मामा हरिपूरचे, कृष्णा-वारणेच्या संगमावर वाढलेले. चहा होईतो टेबलाशी उभे राहून बघत होते. त्यांनी पाचवा शिंपला उचलला, अंगठा आतून फिरवला.

"मॅडम, ह्ये रत्नांग्रीचं न्हवं."

"कशावरनं, मामा?"

"आवो, ह्ये आपल्या नदीतलं हाय की. असल्याच शिंपीनं आईनं दूध पाजलंय आम्हाला. अन् पाठीला भोक पाडून कैऱ्या सोलायच्या. मला कळंना व्हय?"

भिंग घेतलं. बिजागरी पाहिली. शिणाण्याची चोच अगदी टोकाला असते आणि बिजागरीशी दात जवळजवळ नसतातच. याची चोच टोकापासून आत, आणि चोचीपासून मागं कडेकडेनं गेलेला लांब पट्टीसारखा दात. लॅमेलिडेन्स. एफ.वाय.च्या पोरांकडून तीस वर्षं दर जूनमध्ये जो प्राणी कापून घेतला, तोच. पुराच्या पाण्याबरोबर कपाटात आला होता आणि गाळ उपसताना ट्रेमध्ये पडला होता. मामा नसते तर कृष्णेतल्या शिंपल्यावर रत्नागिरीच्या समुद्राचा पत्ता कायमचा बसला असता. पुढच्या कुणी तो वाचून लिहिलं असतं की हा प्राणी खाऱ्या पाण्यातही सापडतो. ग्रे बाईंना मी त्या दिवशी मनात हात जोडले.

त्या रात्री मी आतापर्यंत लिहिलेली सगळी लेबलं परत काढली. माझी रीतच उलटी होती. मी आधी नाव लिहायची, मोठं, ठळक, आणि खाली बारीक अक्षरात गाव आणि तारीख. नावं काय, ती मोलस्काबेसवर उद्या पुन्हा बदलतील आणि कुणीही घरबसल्या सुधारेल. रोडिंगची यादी शंभर वर्षांनी उघडून कालवाचं नाव सुधारता आलं, तसं माझ्या ट्रेमधल्या कालवाचंही येईल. पण भाट्ये खाडी, जानेवारी १९७४, हे सरांनी पेन्सिलीनं लिहिलं नसतं तर जगातल्या कुठल्याही आयोगाला ते परत आणता आलं नसतं. माझ्या ११२ डागांपैकी नोंदवहीवरून नक्की जुळले ६८. बाकीच्या ४४ ट्रेंत काही शिंपले इतके देखणे आहेत की बघत राहावं. त्यांना नाव आहे, गाव नाही. अभ्यासाला त्यांचा आता फारसा उपयोग नाही. मुलांना दात आणि स्नायूंचे वण दाखवायला ठेवलेत.

आता लेबलावर पहिली ओळ गावाची, दुसरी तारखेची, तिसरी नोंदवहीतलं जुनं नाव जसंच्या तसं, अगदी चुकीच्या स्पेलिंगसकट, आणि शेवटी आजचं नाव, कुठल्या साली पाहिलं त्या सालासकट. सरांची पेन्सिलीतली लेबलं काढून टाकलेली नाहीत. माझं त्यांच्या खाली जातं. सरांनी बरीचशी नावं सुब्रह्मण्यम, करंदीकर आणि मूर्ती यांच्या १९४९ सालच्या मुंबईच्या द्विशिंपल्यांवरच्या कामावरून घेतली होती, आणि त्याच्याही मागं १८९३ ची मेल्व्हिल आणि अ‍ॅबरक्रॉम्बी यांची मुंबईची यादी आहे. जुनं नाव पुसलं की ही सगळी वाटच पुसली जाते.

काही जणांचं नाव मी लावलेलंच नाही. खडकाला चिकटणारं छोटं कालव, दातेरी कडांचं, नोंदवहीत सॅकोस्ट्रिया कुकुलाटा. या नावात सी किती लिहायचे यावरही पुस्तकांचं एकमत नाही. पण ते क्षुल्लक. डीएनए पाहणाऱ्यांना या एका नावाखाली अनेक वेगळ्या वंशरेषा सापडल्यात, आणि बाहेरून सगळ्यांचं रूप सारखंच ओबडधोबड, जसा खडक तसं कालव. माझ्याकडचे शिंपले उकळून, ब्लीचिंग पावडरमध्ये घालून पांढरे केलेले. त्यांच्यातून आता काय निघणार? म्हणून लिहिलं: सॅकोस्ट्रिया, कुकुलाटा समूह, मिऱ्या, १९९१. कॉलेजातले आताचे तरुण सर म्हणाले, "मॅडम, समूह काय, एक नाव लिहून टाका ना, नॅकची कमिटी येणार आहे." नाही लिहिलं.

उलट ज्याचं सहज जमतं असाही एक आहे. सरांचा टेगिलार्का ग्रानोसा. नोंदवहीत आर्का ग्रानोसा, मधे अनाडारा ग्रानोसा, तीन वंश फिरून आला पण ग्रानोसा हे पाळण्यातलं नाव १७५८ पासून सुटलेलं नाही. पाठीवर पंधरा ते वीस जाड कंगोरे, कंगोऱ्यांवर दाणे, बिजागरीवर फणीसारखी बारीक दातांची रांग. जिवंतपणी याचं रक्त लाल असतं, आपल्यासारखं हिमोग्लोबिनचं. डोळे मिटून हात फिरवला तरी ओळखू येतो. तो ट्रे हाती आला की मी चहा ठेवते.

राहिला ट्रे ९३ मधला पाचवा. त्याला वेगळी डबी केली. पुस्तकं सवयीनं मार्जिनालिस म्हणतात, पण आपल्या नद्यांत लॅमेलिडेन्सच्या एकाहून जास्त जाती आहेत आणि पुढचं टोक फुटलेल्या एका अर्ध्या शिंपल्यावरून मी ठरवणार नाही. गेल्या महिन्यात मामा पुन्हा आले होते, नातवाच्या लग्नाची पत्रिका घेऊन. त्यांना समोर बसवून लेबल लिहिलं. कृष्णा नदी, सांगली. महापूर, ऑगस्ट २०१९. प्रयोगशाळेतलं कपाट क्रमांक दोन, खालून तिसरा खण. लॅमेलिडेन्स, जात ठरवायची आहे. ओळखणारे म्हणून मामांचं पूर्ण नाव, मुक्काम हरिपूर.

मामांनी चष्मा लावून वाचलं. म्हणाले, "अन् पाणी किती हुतं ते न्हाई लिवलं."

समुद्रातल्या नमुन्यांच्या लेबलावर खोली लिहायची पद्धत असतेच. भिंतीवरची खूण त्यांनीच मोजली होती. मी पेन्सिलीला टोक केलं आणि खाली लिहिलं: खोली साडेसात फूट.